टर्बो गाडीची ओढ गेली? टर्बो बदलण्याआधी हवेचा हिशोब मांडा

(मंचावरचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

घाटचालक

डिझेल टर्बो गाडी सपाटीला बरी चालते. घाटात मात्र तिसऱ्या गिअरला पेडल तळाला टेकवलं तरी चढत नाही, चेक लाइट लागतो आणि स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०२९९ हा कोड येतो. ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने) मागितला तेवढा दाब इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाणाऱ्या वाटेत) पोचला नाही, एवढंच हा कोड सांगतो. तो का पोचला नाही, हे कोडमध्ये नसतं. तरीही हा कोड दिसला की सर्रास टर्बोचं एस्टिमेट हातात पडतं. टर्बो, म्हणजे एग्झॉस्टच्या (जळून बाहेर जाणाऱ्या वायूच्या) जोरावर हवा दाबून इंजिनमध्ये भरणारा पंखा, हा या साखळीतला सगळ्यात महाग दुवा आहे, म्हणून त्याची पाळी शेवटी यायला हवी.

उदाहरणाला आपल्याकडे घरोघरी असलेलं १.३ लिटर मल्टिजेट घेऊ. फियाटचं हे इंजिन मारुतीने डीडीआयएस आणि टाटाने क्वाड्राजेट या नावाने विकलं. फियाट आणि टाटासाठी ते रांजणगावला बनायचं, मारुतीसाठी मानेसरला. १२४८ सीसी, चार सिलिंडर. ७५ पीएसच्या रूपात (स्विफ्ट, डिझायर) टर्बो साधा, वेस्टगेटचा (जास्तीचा एग्झॉस्ट टर्बाइनला चुकवून सोडणारं झाकण). ९० पीएसच्या रूपात (अर्टिगा, सियाझ, एसएक्स४, मांझा) व्हीजीटी, म्हणजे आतली पाती फिरवून दाब बदलणारा. यातलं कोणतं आपल्याकडे आहे ते आधी पक्कं करा, कारण दोघांचे आजार वेगळे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. पाना हातात घेण्याआधी दोन आकडे शेजारी ठेवा: मॅफ सेन्सर सांगतो ती आत शिरणारी हवा, आणि मॅप सेन्सर सांगतो तो इनटेक मॅनिफोल्डमधला दाब. मॅफ बसतो एअर फिल्टरच्या लगेच पुढे आणि मॅप बसतो पार इंजिनच्या तोंडाशी. हवेचा सगळा रस्ता या दोघांच्या मधे येतो, त्यामुळे त्यांचा मेळ बसतो की नाही यावरून बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते कळतं.

हिशोब असा. तीन हजार आरपीएमला १.२४८ लिटरचं इंजिन सेकंदाला ३१.२ लिटर जागा भरतं (१.२४८ गुणिले ३०००, भागिले १२०). आता हवेची घनता काढा: मॅपचा किलोपास्कलमधला आकडा भागिले ०.२८७, भागिले (२७३ अधिक इनटेकचं तापमान सेल्सिअसमध्ये). उत्तर ग्रॅम प्रति लिटरमध्ये येतं. त्याला ३१.२ ने गुणा. सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून पुन्हा ०.८८ ने गुणा. मॅप २१० आणि तापमान ६० असेल तर उत्तर सेकंदाला साधारण ६० ग्रॅम. मॅफनेही तेवढंच दाखवायला हवं. दहा टक्क्यांचा फरक चालतो.

निकाल तीन तऱ्हेचे लागतात.

मॅफ हिशोबापेक्षा बराच जास्त: हवा आत आली, मोजली गेली, पण इंजिनपर्यंत पोचली नाही. टर्बोनंतरचा पाइप, इंटरकुलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) किंवा एखादा जोड फुटला आहे. ईसीयू मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल टाकतो आणि प्रत्यक्षात हवा कमी असते, म्हणून मागे काळा धूर.

मॅफ हिशोबापेक्षा बराच कमी: इंजिनमध्ये न मोजलेलं काहीतरी शिरतं आहे. ईजीआर (जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल, मॅफ आणि टर्बोच्या मधला पाइप तडकला असेल, नाहीतर मॅफच मळला असेल.

मेळ बसतो पण दोन्ही आकडे कमी: गळती नाही. टर्बोला जोर मिळत नाही किंवा तो जोर लावत नाही. इथे शोध लांबतो: व्हॅक्यूम, वेस्टगेट, पुढे चोंदलेला फिल्टर, मागे चोंदलेला सायलेन्सर, डिझेलचा पुरवठा आणि सर्वांत शेवटी टर्बो.

ओममीटर

हिशोब पटला, एक पुस्ती जोडते. तापमान कुठून घेता ते बघा. मोबाइलच्या साध्या स्कॅनर ॲपमध्ये दिसणारं इनटेक तापमान बऱ्याच गाड्यांत मॅफच्या आतल्या सेन्सरचं, म्हणजे टर्बोच्या आधीचं असतं. आपल्याला हवं इंटरकुलरनंतरचं, जे मॅप सेन्सरमध्येच बसवलेला थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) सांगतो. वीस अंशांची चूक झाली तर हिशोब सहा टक्क्यांनी हलतो. गाडी फक्त टर्बोआधीचं तापमान देत असेल तर भर दुपारी, पूर्ण भाराला, इंटरकुलरनंतर ५५ ते ६५ अंश धरून चाला.

दुसरं म्हणजे मोजण्याआधी सेन्सर खरं बोलतोय का ते तपासा. इंजिन बंद, चावी ऑन. मॅपने त्या गावाचा हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्या-नाशकात ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात चावी ऑनला १०३ किंवा ८८ दिसलं तर सेन्सर खोटा बोलतोय, पुढचे सगळे आकडे व्यर्थ. बहुतेक वेळा त्याच्या तोंडाशी तेल आणि काजळीचा थर असतो. सेन्सर काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, सुकू द्या. आत काडी घालू नका, पडदा फाटतो.

मॅफलाही तसंच. मॅफ क्लीनरच वापरा. कार्ब्युरेटर क्लीनरने त्याच्या फिल्मचं नुकसान होतं. तेल लावलेले धुऊन वापरायचे फिल्टर ज्यांनी बसवलेत त्यांनी मॅफ आधी बघावा, कारण जास्तीचं तेल त्याच फिल्मवर जाऊन बसतं.

ॲपमधला दाब निरपेक्ष असतो हेही लक्षात ठेवा. २१० किलोपास्कल म्हणजे टर्बोने २१० दिले असं नाही. त्यातले ९५ पुण्याच्या हवेचे, टर्बोचे ११५. आणि मोठ्या इंजिनवर आकडा २५५ वर खिळून बसला तर ती टर्बोची मर्यादा समजू नका. मॅपचा तो सर्वसाधारण पीआयडी (गाडीकडून ॲपला मिळणारा आकडा) एका बाइटचा आहे, त्याला २५५ च्या पुढे मोजताच येत नाही.

स्पॅनर१०-१२

लॉग (चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद) घ्यायची पद्धतही सांगायला हवी, नाहीतर लोक उभ्या गाडीत रेस देऊन आकडे टाकतात. उभ्या गाडीत इंजिनवर भार नसतो, डिझेल कमी जळतं, एग्झॉस्टला जोर नसतो, टर्बो पुरेसा फिरत नाही. त्या आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

इंजिन पूर्ण गरम. मोकळा चढ. तिसरा गिअर, १५०० आरपीएमवरून पेडल पूर्ण दाबून ३५०० पर्यंत. मोबाइल शेजारच्या माणसाच्या हातात. ब्लूटूथचे स्वस्त अडॉप्टर संथ असतात, त्यामुळे चारच आकडे निवडा: आरपीएम, मॅप, मॅफ, रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणाऱ्या डिझेलचा दाब). दहा-बारा निवडले तर प्रत्येक आकडा दोन-तीन सेकंदांनी बदलतो आणि नेमका हवा तो क्षण निसटतो. रेल प्रेशर ॲपमध्ये किलोपास्कलमध्ये येतं, शंभराने भागलं की बार.

त्याआधी दोन फुकटच्या तपासण्या. पेडल पूर्ण दाबल्यावर स्कॅनरवर त्याचा आकडा कमाल होतो का बघा. जाड मॅट पेडलखाली येऊन गाडी “ओढत नाही” अशा तक्रारी खऱ्याच येतात. आणि क्लच. चौथ्या गिअरला १५०० वर पूर्ण दाबलं आणि आरपीएम झरकन चढलं पण वेग तसा वाढला नाही, तर क्लच घसरतोय. इंजिनची ताकद शाबूत आहे, ती चाकापर्यंत जात नाही. अशा गाडीचा टर्बो बदलून काय होणार?

निवांत

घाटचालक दादा, वेळेवर धागा काढलात. अर्टिगा डिझेल, २०१४, पी०२९९. पूर्ण दाबलं की २५०० च्या पुढे अचानक दम जातो. थांबून चावी बंद-चालू केली की पुन्हा बरी. टर्बो बदलायला सांगितलंय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे खंबाटकीच्या चढावर शेजारच्याने लॉग घेतला:

चावी ऑन, इंजिन बंद: मॅप ९४.
३००० आरपीएम, पेडल पूर्ण, तिसरा गिअर: मॅप १४८, मॅफ ५८ ग्रॅम, रेल १४२० बार, तापमान ५५ (मॅप सेन्सरचं).
मागे काळा धूर, आणि दाबताना “फस्स” असा आवाज.

घाटचालक

निवांत, हिशोब इथेच करू. १४८ भागिले ०.२८७ भागिले ३२८ म्हणजे १.५७. गुणिले ३१.२ म्हणजे ४९. गुणिले ०.८८ म्हणजे ४३. तुमचा मॅफ ५८ म्हणतोय. सेकंदाला १५ ग्रॅम, म्हणजे चौथा हिस्सा हवा, मोजली गेल्यावर वाटेत नाहीशी होते आहे. धूर आणि आवाज त्यालाच दुजोरा देतात.

तुमचा टर्बो मेहनत करतोय. ५८ ग्रॅम हवा खेचणारा टर्बो मेलेला नसतो. टर्बो ते मॅनिफोल्ड हा रस्ता तपासा: टर्बोतून निघणारा पाइप, इंटरकुलरची दोन्ही तोंडं, इंटरकुलरच्या कडेचे प्लास्टिकचे टँक जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवलेले असतात ती शिवण, आणि वर मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी पाइप. चावी बंद केल्यावर बरी होते याचा अर्थ बिघाड गेला असा नाही. ईसीयूने दाब कमी पाहून ताकद कापली होती, ती बंदी नव्या चावीला उठते आणि पुढच्या चढाला परत लागते.

स्पॅनर१०-१२

नुसत्या डोळ्यांनी शोधत बसू नका. हे रबर पाइप तळाच्या बाजूने, क्लॅम्पच्या कडेला किंवा घडीत चिरतात. इंजिन भाराखाली माउंटवर झुकतं, घडी ताणली जाते आणि चीर तेव्हाच उघडते. इंजिन बंद असताना पाइप धडधाकट दिसतो. हातात घेऊन उलटा वाकवला तरच फट दिसते. तेलाचा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ ही बाहेरून दिसणारी खूण.

दाबाची चाचणी घरी करता येते. हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाला बसेल अशा मापाची पीव्हीसी एंड कॅप घ्या, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, रबराचा तुकडा आणि क्लॅम्पने ती थेट टर्बोच्या आत घेणाऱ्या तोंडावर आवळा. रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने हळूहळू दाब द्या, आधी ५ पीएसआय, मग १०, मग १५. त्यापुढे नको. कॅप सुटली तर गोळीसारखी उडते, तोंड समोर धरू नका. ऑइल भरायचं झाकण आधी उघडून ठेवा. एखाद्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतोच, तिथून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून हवा क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइलच्या भागात) जाते आणि झाकण बंद असेल तर ऑइल सील बाहेर ढकलली जाऊ शकते.

साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर मारा. झाकणातून मंद फुसफुस आली तर ती नेहमीची. सायलेन्सरच्या टोकातून स्पष्ट हवा आली तर क्रँक थोडा फिरवून पुन्हा बघा. तरीही येत राहिली तर ईजीआर पूर्ण मिटत नाही. एकाच चाचणीत दुसरा आजारही सापडतो, म्हणून मला ही चाचणी धुराच्या मशीनपेक्षा आवडते.

कोकणकडा

ज्यांच्या गाडीत मॅफ आणि मॅपचा मेळ बसतो पण दोन्ही कमी येतात, त्यांच्यासाठी व्हॅक्यूमवर लिहितो. ९० पीएसच्या व्हीजीटीत पाती फिरवणारा डबा व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन सुरू झालं की दांडी आत ओढली जाते, पाती मिटतात, एग्झॉस्टची वाट अरुंद होते आणि कमी आरपीएमलाही टर्बो वेग घेतो. इंजिन बंद केलं की दांडी सुटते. एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने टॉर्चने दांडी बघावी. सुरू करताना आणि बंद करताना ती गुळगुळीत, एका दमात, साधारण एक सेंटिमीटर सरकली पाहिजे.

दांडी हललीच नाही तर हातपंपाने डब्याला थेट व्हॅक्यूम द्या. दांडी पूर्ण आत गेली आणि मिनिटभर काटा खाली आला नाही तर डबा ठीक, दोष पुरवठ्यात. काटा पडला तर डब्याचा पडदा फाटलाय. काटा टिकला पण दांडी अर्ध्यात अडकली तर पाती काजळीत रुतलीत.

पुरवठा म्हणजे तीन गोष्टी: पंप, नळ्या आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (ईसीयूच्या विजेवर व्हॅक्यूम सोडणारा-रोखणारा). पंपाशी गेज लावा. इथे एक गफलत नेहमी होते. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा असतो. व्हॅक्यूम त्या जागेच्या हवेच्या दाबापेक्षा जास्त होऊच शकत नाही. पुण्यात हवेचाच दाब ७११ मिलिमीटर पाऱ्याचा, महाबळेश्वरला ६४६ चा. मुंबईत ६९० दाखवणारा पंप पुण्यात ६४० दाखवेल, आणि तो निरोगी आहे. ब्रेकचा बूस्टर याच पंपावर चालतो, त्यामुळे ब्रेक पेडलही दगड झालं असेल तर पंप किंवा मुख्य नळीकडे जा.

नळ्यांना उंदीर लागतात, विशेषतः पावसाळ्यात, गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली तर. आणि सोलेनॉइडला एक बारीक फोमची टोपी असते, तिच्यातून तो बाहेरची हवा घेतो. ती धुळीने गच्च झाली की दांडी सुटायला उशीर होतो आणि कमी दाबाऐवजी जास्त दाबाचा कोड, पी०२३४, येतो. हे दोन कोड आलटून पालटून येत असतील तर टर्बोच्या आधी तिकडे बघा.

दांडीच्या टोकाचा आणि पात्यांचा थांबा ठरवणारा स्क्रू मात्र कोणी फिरवू नका. तो फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) लावलेला असतो, रस्त्यावर अंदाजाने परत लागत नाही.

ओममीटर

सोलेनॉइडची कॉइलही मोजा, थंड असताना साधारण ११ ते २० ओमच्या दरम्यान. उघडं सर्किट दिसलं तर निकाल लागला. पण ओम बरोबर आले म्हणजे व्हॉल्व्ह बरा असं नाही. आत तेल गेलं की चिकटतो. स्कॅनरमध्ये ॲक्च्युएटर टेस्ट असेल तर ती चालवून टकटक ऐका आणि त्याच वेळी गेज बघा.

७५ पीएसवाल्यांना यातलं बरंच लागू नाही. तिथे वेस्टगेटचा डबा टर्बोच्याच दाबाने ढकलला जातो, दाब नसेल तेव्हा झाकण बंद. थंड इंजिनला दांडी हाताने हलवून बघा. सैल लोंबत असेल, किंवा हातपंपाच्या दाबावर अर्ध्या बारच्या आतच सरकायला लागली, तर एग्झॉस्ट टर्बाइनला चुकवून निघून जातो आणि ओढ कधीच येत नाही.

रेलप्रेशर

डिझेलच्या बाजूबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. टर्बो एग्झॉस्टच्या ऊर्जेवर फिरतो आणि ती ऊर्जा येते जळलेल्या डिझेलमधून. डिझेल कमी पडलं की दाबही कमी पडतो, आणि कोड तोच, पी०२९९. फरक धुरात दिसतो. हवा कमी पडली तर काळा धूर, डिझेल कमी पडलं तर धूरच नाही, गाडी गुमान बसते.

या इंजिनात आयडलला रेल प्रेशर २५० ते ३०० बारच्या आसपास असतं आणि कमाल १६०० बार. मागितलेलं आणि मिळालेलं दोन्ही बघा. स्थिर भारात ५० बारपेक्षा जास्त तूट पडत असेल तर आधी डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी, टाकीतला पंप. आयडलला बरोबर आणि चढाला कोसळतं ही चोंदलेल्या फिल्टरची खूण, कारण आयडलला लागणारं डिझेल तसंही थोडंच असतं. आयडललाही कमी आणि गरम इंजिन उशिरा सुरू होत असेल तर इंजेक्टरची परत गळती मोजा: चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडा, गरम इंजिन दोन मिनिटं आयडलला चालवा. तिघांची पातळी सारखी आणि एकाची दुप्पट-तिप्पट असेल तर तोच रेलचा दाब खातोय.

चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट सैल करून “सिलिंडर तपासायची” जुनी सवय इथे जिवावर बेतते. शेकडो बारचा फवारा कातडी भेदून आत जातो आणि वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल.

निवांत, तुमचे १४२० बार भाराखाली टिकलेत आणि धूर काळा आहे. तुम्ही या बाजूला वेळ घालवू नका.

कोकणकडा

ईजीआर आणि काजळीबद्दल. आयडलला स्कॅनरवरून ईजीआर बंद-उघड करून मॅफ बघा. या इंजिनाचा एक सिलिंडर ३१२ सीसीचा. ईजीआर बंद असताना एका स्ट्रोकला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास हवा यायला हवी. उघडला की ठळक घट, २०० च्या आसपास किंवा खाली. आकडा हललाच नाही तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा वाट बुजलीय. तुमचं ॲप ग्रॅम प्रति सेकंद दाखवत असेल तर ८०० आरपीएमला ३०० मिलिग्रॅम म्हणजे ८ ग्रॅम.

पत्रा घालून ईजीआर कायमचा बंद करायचा सल्ला मिळतो. तो करू नका. प्रदूषणाचा भाग आहेच, शिवाय ईसीयू मॅफ घटण्याची वाट बघतो, घट दिसली नाही की पी०४०१ (ईजीआरचा प्रवाह कमी असल्याचा कोड) लावून काही गाड्यांत ताकद कापतो. व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड काढून साफ करणं कष्टाचं आहे, पण काम पक्कं होतं. ओव्हन साफ करायचा फोम रुतलेल्या पात्यांवर मारतात, त्यात कॉस्टिक असतं आणि ते ॲल्युमिनियम खातं. कॉम्प्रेसरच्या बाजूला त्याचा थेंबही लागता कामा नये.

स्पॅनर१०-१२

बीएस६ डिझेलवाल्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). २०२० नंतरची गाडी, शहरात छोट्या फेऱ्या, रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळून टाकणं) अर्धवट राहतं, काजळी भरत जाते. इथे धूर नसतो, मॅफ आणि मॅपचा मेळ बसतो आणि दोन्ही कमी येतात. स्कॅनरवर डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाबातला फरक बघा: आयडलला १ किलोपास्कलच्या आत असावा. आयडललाच ३-४ दिसत असेल तर टर्बोकडे बघूही नका. डिपस्टिकही बघा. अर्धवट रिजनरेशनचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी खुणेच्या वर जाते. तसं ऑइल बेअरिंगला पातळ पडतं, तेव्हा ऑइल बदलल्याशिवाय फोर्स्ड रिजनरेशन करू नका. डीपीएफ नसलेल्या जुन्या गाडीत कॅटॅलिस्ट बुजला तरी लक्षणं तीच.

निवांत

पीव्हीसी कॅपची चाचणी केली. १० पीएसआयला इंटरकुलरकडून वर जाणाऱ्या रबर पाइपच्या तळाशी, खालच्या क्लॅम्पच्या अगदी वरच्या अंगाला बुडबुडे. पाइप काढून वाकवल्यावर अर्ध्या घेराची चीर. बाकी सगळे जोड कोरडे, सायलेन्सरमधून हवा नाही. पाइपच्या आत तेलाचा हलका थर आहे, तो टर्बोच्या सीलचा समजायचा का?

घाटचालक

हलका थर क्रँककेसच्या ब्रीदरचा (तिथली वाफ इनटेककडे सोडणारी नळी) असतो, तो जवळपास प्रत्येक टर्बो डिझेलमध्ये मिळतो. इंटरकुलर काढून उलटा केल्यावर तेल ओतल्यासारखं पडलं तर काळजी. तेव्हाही आधी ब्रीदर आणि टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप तपासा, कारण रिटर्न तुंबला की चांगल्या टर्बोचं सीलही तेल सोडतं.

तुमचा एअर फिल्टरचा पाइप काढलेलाच आहे, तर शाफ्ट हाताने हलवून बघा. आडवा किंचित खेळ चालतो, कारण बेअरिंग तेलावर तरंगतं आणि इंजिन बंद असताना तेल नसतं. पाती घराला घासता कामा नयेत. पुढे-मागे खेळ हाताला जाणवता कामा नये. पात्यांच्या कडा मोडलेल्या किंवा खरवडलेल्या नकोत. इतकं जमलं तर टर्बो ठेवा.

नवा पाइप कंपनीचाच घ्या. बाजारातला साधा पाण्याचा रेडिएटर होज तेल आणि उष्णतेने महिन्याभरात फुगतो. बसवण्याआधी दोन्ही धातूची तोंडं ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी करा, तेलकट तोंडावरून पाइप दाबाने निसटतो. पातळ पट्टीचा दातेरी क्लॅम्प रबर कापतो, मूळ स्प्रिंग क्लॅम्प किंवा रुंद टी-बोल्ट क्लॅम्प लावा. इंजिन माउंट जुने झाले असतील तर तेही बघा, जास्त झुलणाऱ्या इंजिनाने तो पाइप पुन्हा त्याच जागी चिरेल.

रेलप्रेशर

ज्यांना खरोखर टर्बो बदलावाच लागतो त्यांच्यासाठी, कारण नवा टर्बो थोड्याच दिवसांत जाण्याचं कारण जवळपास नेहमी तेलात असतं. या आकाराचे टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या पुढे फिरतात. टर्बोला ऑइल आणणारा जुना फीड पाइप आतून कोळशासारख्या थराने अरुंद झालेला असतो. तो धुऊन परत लावू नका, नवा लावा, बँजो बोल्ट (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) आणि कॉपर वॉशरसकट. बोल्टमध्ये जाळी असेल तर ती बघा. रिटर्न पाइप मोकळा करा. इंटरकुलर आतून धुवा, जुन्या पात्याचा तुकडा आत राहिला तर इंजिनमध्ये जातो. रिटर्नच्या गास्केटला सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याचा तुकडा आत सुटला की तेलाची वाट बंद. सुरू करण्याआधी टर्बोच्या फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता, शाफ्ट बोटाने फिरवा, मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद क्रँक करा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. पहिली पाच मिनिटं फक्त आयडल.

निवांत

पाइप आणि दोन्ही क्लॅम्प नवीन. शाफ्टचा खेळ तुम्ही सांगितल्याच्या आत. कोड पुसून त्याच चढावर, त्याच गिअरला: ३००० ला मॅप २०८, मॅफ ५९, तापमान ६०, रेल १४६०. धूर नाही, आवाज नाही, चेक लाइट नाही.

ओममीटर

२०८ ला आणि ६० अंशांना हिशोब ५९.८ येतो. मेळ बसला. आता हे चार आकडे तारखेसह आणि चढाच्या नावासह गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवा. पुढच्या वेळी फिल्टर बदलाल तेव्हा तोच चढ, तोच गिअर घेऊन पुन्हा मोजा. मॅप तेवढाच आणि मॅफ ५० वर आला तर आधी मॅफ धुवा आणि मग ईजीआर बघा.